माहेर ब्रॅडफर्ड

भुजंगराव : आता मला एवढंच सांग जुबेदा, शाळेच्या दाखल्यावर जन्म मंठा अन् तुझ्या ह्या फॉर्मवर जन्म इंग्लंड. एक माणूस दोन गावांत कसं काय जन्मलं?

जुबेदा : एकाच गावात जन्मलं काका. दाखल्यावरचं गुरुजींनी लिहिलंय. फॉर्मवरचं मी.

भुजंगराव : म्हंजे गुरुजी खोटे?

जुबेदा : त्यांनी अम्मीला विचारलंच नसेल. आमच्या अर्ध्या वर्गाची जन्मतारीख एक जून आहे.

भुजंगराव : त्याच्यात काय? माझीबी एक जूनच हाय. आपल्या मराठवाड्यात माणसं पेरणीच्या तोंडालाच जन्मतेत.

जुबेदा : माझी खरी तारीख एकोणीस नोव्हेंबर एक्क्याऐंशी. तीही लिहिलीय मी खाली.

भुजंगराव : तारीखबी? बाई, तू नोकरी मागून राह्यली का केस लढवून राह्यली?

अजीजुन्निसा : चाय घ्या भाऊ. अन् पोरीच्या बोलण्याचा राग धरू नका. शिकून शिकून अशी झाली ती. मीठ घाल म्हणलं तर किती विचारती.

भुजंगराव : ठेवा भाभी, पितो. सकाळपासून फिरूनच राह्यलो. पहिलं गेलो महेमूदभाईच्या सायकलच्या दुकानावर. ते म्हणले, कागदाचं मला काही कळत न्हाई, घरी जा, माय-लेकी हायेत. मंग तुमच्या शेजारच्या द्वारकाबाईला गाठलं. नोकरीच्या पोलीस चौकशीत शेजाऱ्याला विचारावंच लागतं, पोरगी कशी, चालचलन कसं. तर म्हातारी म्हणती, “कोण, विलायतवाली का? लई गुणी.” मी म्हणलं, विलायतवाली का म्हणता? तर म्हणली, “जन्मली न्हाई का विलायतेत! येताना तिच्या मायनं मला वासाच्या साबणाची वडी आणल्ती.” अजून वापरली न्हाई म्हणे तिनं. पातळांच्या घडीत ठेवलीय.

अजीजुन्निसा : अजून? या अल्ला.

भुजंगराव : मी आपला इतकी वर्षं समजत होतो, पोरगी रंगानं उजळ हाय म्हणून नाव पडलं असंल.

जुबेदा : म्हणजे मी मंठा लिहिलं असतं तरी तुम्हाला कळलंच असतं.

भुजंगराव : मला कळणं वेगळं अन् अहवालात येणं वेगळं. ठाण्यात गोपनीयचं काम माझ्याकडं हाय पोरी. मला जे जे माहीत हाय ते सगळं लिहायला बसलो तर ह्या गावात कुणाचं लगीन व्हायचं न्हाई. पण भाभी, राग मानू नका, विलायतेत बाळंतपण? महेमूदभाईकडं तवा स्टँडवर पंक्चरची एक पेटी होती नुसती.

अजीजुन्निसा : रीत न्हाई का भाऊ? पहिलं बाळंतपण माहेरी. तुमच्यातबी तेच, आमच्यातबी तेच.

भुजंगराव : ते बराबर.

अजीजुन्निसा : मंग माहेरच तिथं होतं, मी काय करू? माझा भाऊ फकरोद्दीन ब्रॅडफर्डला लोकरीच्या गिरणीत लागल्ता. माझं लगीन लावलं अन् अब्बाला-अम्माला त्यानं तिकडं नेलं. इथलं घर विकून टाकलं. वर्षाच्या आत मला दिवस गेले. मी सासूबाईला म्हणलं, इथंच करते की, जालन्याला सरकारी दवाखाना हाय. तर म्हणल्या, “आपल्या घरातली पहिलटकरीण माहेरीच जाती. माहेर परतूरला असंल तर परतूर, विलायतेत असंल तर विलायत. लोकं म्हणतील, सुनेला माहेर न्हाई का?”

भुजंगराव : जबरी बाई! अन् खर्चा?

अजीजुन्निसा : फकरूनं तिकीट धाडलं. त्यालाबी तेच. बहिणीचं पहिलं बाळंतपण केलं न्हाई तर मुलखात तोंड काय दाखवायचं? सातव्यात गेले. अम्मानं चाळीस दिवस खाटेखाली पाय ठेवू दिला न्हाई. बाहेर सगळं पांढरं धुकं, अन् घरात ओव्याची, बाळंतशेपाची धुरी. एक दिवस शेजारच्या गोऱ्या बाईला वाटलं आग लागली. तिनं बंबवाल्यांना बोलावलं. ते एवढाले गडी दारात टोप्या घालून उभे, अन् अम्मा त्यांना सांगून राह्यली, बाळंतीण हाय, बाळंतीण हाय, आत येऊ नका.

भुजंगराव : हा हा! मराठीत?

अजीजुन्निसा : मराठीत, उर्दूत, जे तोंडाला आलं त्याच्यात. ते गेल्यावर अम्मा हसत सुटली. एवढी हसलेली मला मंग कवा दिसली न्हाई.

भुजंगराव : अन् नाळ?

अजीजुन्निसा : काय म्हणले?

भुजंगराव : नाळ कुठं पुरली? फॉर्ममधी न्हाई हे, मी आपलं विचारून राह्यलो. आमच्या टेंभुर्णीला माणूस कुठलं हाय ते असंच विचारतेत.

अजीजुन्निसा : तिथं अंगण कुठं भाऊ? सगळी फरशी. तुकडा वाळून पडला तवा अम्मानं मलमलीत बांधला. म्हणली, हिला जिथं ऱ्हायचं तिथं पूर. मुंबईला उतरले तर कस्टमच्या साहेबानं ती पुरचुंडी सोडली. हे काय? मी म्हणलं, हिंग. त्यानं नाकाला लावून वासबी घेतला.

जुबेदा : अम्मी! हे मला कधी सांगितलं नाहीस.

अजीजुन्निसा : तू विचारलं कवा? ती बघा, मोरीच्या कडेला पुरली. तुझ्या दादीनं वर दगड ठेवला, कुत्र्यानं उकरू नाही म्हणून. तोच दगड, ज्याच्यावर तू पाय घासती.

भुजंगराव : मंग झालं की! नाळ मंठ्याला, माणूस मंठ्याचं. विषय संपला.

जुबेदा : रकान्यात नाळ विचारलेली नाही काका. जन्म विचारलाय.

भुजंगराव : हे बघ, नीट ऐक. वरचा साहेब काय बघतो? कागदाला कागद जुळतो का. तुझा फॉर्म अन् दाखला जुळत न्हाईत, तर दोघांतला एक खाली बसवायचा. मी अहवालात लिहितो, उमेदवारानं नजरचुकीनं तसं लिहिलं, शाळेच्या दाखल्याप्रमाणं जन्मठिकाण मंठा धरावं. तू खाली एक सही कर. महिन्याभरात तू हैदराबादला, नोकरीवर.

अजीजुन्निसा : तसंच करा भाऊ. बिलकुल तसंच करा.

जुबेदा : नको.

अजीजुन्निसा : नको काय? भाऊ तुझ्या भल्याचंच सांगून राह्यले.

भुजंगराव : असं काय काम करणार हायस तू तिथं, की जन्माचं एवढं आडवं यावं?

जुबेदा : मोजमाप. धातूचा एक तुकडा असतो. तो तापला की किती वाढतो, गार झाला की मूळ मापावर येतो का, ते मोजायचं.

भुजंगराव : बस?

जुबेदा : बस. तो तुकडा कशात बसणार आहे, ते अजून मला सांगितलेलं नाही. ही चौकशी पार पडली तर सांगतील.

भुजंगराव : अन् समजा तिथं जन्मली. ऱ्हायली तर इथं. शाळा इथं, कॉलेज औरंगाबादला. बिघडलं कुठं?

जुबेदा : तिथला तेव्हाचा कायदा असा होता की त्यांच्या जमिनीवर जन्मलं ते मूल त्यांचं. मागावंसुद्धा लागत नव्हतं. वर्षभरानं तो कायदा बदलला, पण मी त्याच्या आधी जन्मले. अन् अब्बा भारतीय, म्हणून मी इथलीही. काहीही न करता दोन्हीकडची.

भुजंगराव : चांगलंच हाय की मंग. पेपरात आल्तं, सरकार आता दुहेरी नागरिकत्व देणार म्हणून.

जुबेदा : ते तिकडचे झालेल्या लोकांसाठी, त्यांना जाता-येता यावं म्हणून. असल्या नोकऱ्या त्यात नाहीत. ही लॅब संरक्षण खात्याची आहे काका. उद्या दुसरा एखादा देश म्हणाला, हे माणूस आमचंही आहे, तर? असं ज्याच्याबद्दल म्हणता येतं, त्याला आत घेताना ते थांबतात. मला त्यात अन्याय दिसत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही थांबले असते.

भुजंगराव : म्हणूनच म्हणतो, मंठा लिही. तुझ्याकडं तिथला पासपोर्ट न्हाई. तू कवा मागितला न्हाई. कोण जातंय ब्रॅडफर्डला विचारायला?

जुबेदा : कोणी नाही जाणार, कदाचित. पण फॉर्मच्या अगदी वर छापलंय, माहिती खोटी निघाली तर नोकरी कधीही जाईल. पाच वर्षांनी, वीस वर्षांनी. मामूचा फोन आला की मला धडकी भरेल. अन् दुसरं एक आहे.

भुजंगराव : काय?

जुबेदा : माझं नाव. जुबेदा महेमूद शेख. तुमच्यासमोर बोलायला संकोच वाटतो, पण माझा कागद ते तसाही दोनदा वाचणार. त्यात एक खोटं सापडलं तर ते माझ्या एकटीचं खोटं राहणार नाही.

भुजंगराव : ...खरंय. मी न्हाई म्हणणार न्हाई. तीस वर्षं हेच करून राह्यलो.

अजीजुन्निसा : अन् खरं लिहून न्हाई म्हणले तर? मंग काय घरात बसणार? एवढं शिकलेलं?

जुबेदा : मी सुद्धा आधी मंठाच लिहिलं होतं अम्मी. पेन्सिलीनं. मग खोडलं.

भुजंगराव : बरं. हा मागं जोडलेला कागद काय हाय? सगळा इंग्रजीत. साहेबानं वर लाल पेन्सिलीनं खूण केलीय, विचारून घ्या म्हणून. तूच वाच.

जुबेदा : ते... ते नंतर सांगते. मी ठाण्यात येते उद्या.

भुजंगराव : नंतर कशाला? आज मिटवू. अहवाल जालन्याला जायचाय. मराठीत सांग, मी लिहून घेतो.

जुबेदा : काका, खरंच उद्या येते.

अजीजुन्निसा : का गं? माझ्यापुढं वाचता येत न्हाई असं काय लिहिलं?

जुबेदा : “माझा जन्म ब्रॅडफर्ड येथे झाल्यामुळे जन्मानं मी ब्रिटिश नागरिक असण्याची शक्यता आहे. मी तिथला पासपोर्ट कधी घेतलेला नाही. आवश्यक असल्यास ते नागरिकत्व सोडण्याचा अर्ज करायला मी तयार आहे.”

अजीजुन्निसा : सोडायचं म्हंजे?

जुबेदा : तसा फॉर्म असतो. भरायचा, फी भरायची. तिथलं नाव कमी होतं.

अजीजुन्निसा : कवा लिहिलं हे?

जुबेदा : फॉर्मबरोबरच.

अजीजुन्निसा : कुणाला विचारून?

जुबेदा : माझंच तर आहे ते अम्मी. मी कधी वापरलं नाही. वापरणारही नव्हते. नसलेली गोष्ट सोडायची, एवढंच वाटलं मला.

अजीजुन्निसा : नसलेली.

भुजंगराव : भाभी, मी जरा बाहेर उभं राहू का? तंबाखू मळतो तवर.

अजीजुन्निसा : बसा भाऊ. घरातलं असं काही न्हाई. चाय गार झाली तुमची.

(कपबशी उचलल्याचा आवाज.)

जुबेदा : अम्मी, गेल्या ईदनंतर तू मला फोटो काढायला नेलंस. पांढऱ्या पडद्यापुढं. माझे वेगळे, तुझे वेगळे. ओढणी मागं घ्यायला लावली त्यानं, चेहरा पूर्ण दिसला पाहिजे म्हणून. मी विचारलं, तर म्हणालीस रेशन कार्डाला लागतात.

अजीजुन्निसा : लागतेत.

जुबेदा : रेशन कार्डावर माझा फोटो नसतो. मला तेव्हाच खटकलं होतं, पण परीक्षा होती, विसरले. मामूनं सांगितलं होतं का काढायला?

अजीजुन्निसा : तो तर दर फोनला सांगतो. म्हणतो, जुबी तिथलीच हाय, पासपोर्ट नुसता मागायचाय. ती आली, कामाला लागली, की तिच्या नावावर तुला बोलावता येईल. तिच्या मायला कुणी अडवत न्हाई. मी म्हणलं, शिकू दे. मंग म्हणलं, नोकरी लागू दे. मला जल्दी न्हवती. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, कवातरी.

जुबेदा : तुला तिकडं राहायचंय?

अजीजुन्निसा : ऱ्हायला कशाला जाते? तुझ्या अब्बाला कोण भाकर घालंल? एकदा जायचं अन् यायचं. अम्माजवळ.

भुजंगराव : त्या...?

जुबेदा : नानी वारली काका. मी नववीत होते.

अजीजुन्निसा : ती आजारी पडली तवा मुंबईला गेले, व्हिसाला. जुबीच्या अब्बानं दुकान बंद ठेवलं, सोबत आले. खिडकीतली बाई म्हणली, तुम्ही परत येणार कशावरून? मी म्हणलं, नवरा हाय, पोरगी शाळेत हाय, घर हाय. तिनं शिक्का मारला, न्हाई म्हणून. अम्मा वारली, मी पुन्हा मुंबईला गेले. आता तर दफनबी झालं, म्हणलं, नुसती फातिहा पढून येते. तीच खिडकी. पुन्हा तेच, परत येणार कशावरून?

जुबेदा : दुसऱ्यांदाही नाही म्हणाले, हे मला माहीत नव्हतं. तू म्हणालीस जाऊन काय करायचं आता.

अजीजुन्निसा : मंग तुला काय सांगायचं होतं? त्या बाईनं माझ्याकडं एकदा वर बघितलंबी न्हाई ते?

जुबेदा : म्हणून मघाशी म्हणालीस, मंठा लिहा.

अजीजुन्निसा : मंठा लिहिलं तर दोन्ही ऱ्हातं. तुझी नोकरी ऱ्हाती अन् तेबी ऱ्हातं. पडून. कुणाला काही मागत न्हाई ते.

जुबेदा : ...काका, लिहा, उमेदवार आता इच्छुक नाही. मी फॉर्म मागं घेते.

भुजंगराव : अगं, असं कसं? एवढ्या पोरांतून निवड झाली तुझी. तालुक्यातून कोण गेलंय असं?

जुबेदा : दुसरी मिळेल. कॉलेजात शिकवीन. तिथं कोणी विचारत नाही कुठं जन्मलीस.

अजीजुन्निसा : गप ऱ्हा.

जुबेदा : मी रागानं म्हणत नाहीय अम्मी. खोटं मी लिहू शकत नाही, अन् तुझी वाट मी बंद करू शकत नाही. तिसरं हेच उरतं.

अजीजुन्निसा : गप ऱ्हा म्हणलं ना! आली मोठी, तिसरं सांगणारी. भाऊ, मला एक सांगा. ही जी चौकशी हाय, त्याच्यात ह्यांना नेमकं काय पाह्यजे?

भुजंगराव : काय म्हंजे... पोरगी आपलीच हाय का. मन इथंच हाय का. फिरवून-फिरवून तेच विचारतेत.

अजीजुन्निसा : म्हंजे मला तिथल्या खिडकीत विचारलं, परत जाशील कशावरून. अन् हिला इथं विचारून राह्यले, आमची कशावरून.

भुजंगराव : तसंच म्हणा.

अजीजुन्निसा : मला तर न्हाई म्हणले. दोघींतून एकीला तरी हो म्हणू द्या. लिहा भाऊ. जन्म ब्रॅडफर्ड. तारीख तिनं सांगितली ती. अन् तो मागचा कागदबी राहू द्या.

जुबेदा : अम्मी, घाई करू नकोस. सही एकदा झाली की ते परत मिळेल असं मी धरून चालत नाही.

अजीजुन्निसा : माहीत हाय. मला इंग्रजी येत न्हाई, अक्कल हाय. नोकरीला लागली की तुलाच नेईन त्या खिडकीवर. तुझ्या लॅबचं पत्र दाखवीन. म्हणीन, ही माझी पोरगी सरकारात हाय, मी परत न्हाई येऊन जाते कुठं?

जुबेदा : अन् लॅबनं नाही म्हटलं तर?

अजीजुन्निसा : तर न्हाई. पण खरं सांगितलेल्याला न्हाई म्हणले असं तरी होईल. त्याची मला सवय हाय.

भुजंगराव : मी माझ्या परीनं लिहीन भाभी. शेजारीपाजारी चांगलं बोलतेत, घरचे लोक सरळ हायेत, उमेदवारानं स्वतःहून सगळं सांगितलं. पुढं वरच्यांच्या हातात. ही बघ पोरी, इथं सही. नजरचुकीचं वगैरे काही न्हाई लिहिलं.

जुबेदा : दाखल्यावरच्या तारखेचं?

भुजंगराव : लिहिलंय. दाखल्यावर गुरुजींनी अंदाजानं घातली असावी, असं. आमच्या गुरुजींचं कुणी लिहिलं असतं तर मीबी अजून दोन-चार वर्षं नोकरीत ऱ्हायलो असतो. आता शेवटचा रकाना. परदेशात राहणारे जवळचे नातेवाईक. हा तू मोकळाच सोडलाय.

जुबेदा : मामूचा पत्ता अम्मीला विचारायचा होता. तेव्हा विचारला असता तर कशाला हवा ते सांगावं लागलं असतं.

अजीजुन्निसा : पत्ता पाठ हाय मला.

भुजंगराव : सांगा. ...फकरोद्दीन, मामा. हां, इंग्रजीत तू टाक पोरी, माझं स्पेलिंग चुकंल. झालं? अजून कोण?

जुबेदा : कोणी नाही. नाना आधीच गेले.

अजीजुन्निसा : अम्माचं नाव लिहा.

भुजंगराव : भाभी, ह्याच्यात राहणारे लिहायचे असतेत. आता तिथं जे ऱ्हातेत ते.

अजीजुन्निसा : तेच सांगून राह्यले. ती तिथंच ऱ्हाती.

जुबेदा : लिहा काका. मी खाली मयत असं लिहीन, म्हणजे खोटं होणार नाही.

भुजंगराव : ...नाव सांगा.

अजीजुन्निसा : रहीमुन्निसा.

भुजंगराव : पत्ता?

अजीजुन्निसा : मी पाह्यला न्हाई. फकरू म्हणतो, गेटातून आत गेलं की डाव्या अंगाला.